आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत, माहिती कुठे शोधू? आणि तेव्हाचं गाव कसं होतं?

कोरेगावकर_नातू

नमस्कार मंडळी, विषय जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना अजून थोरले आबाच म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते आणि परत आले नाहीत. एवढंच पक्कं, बाकी सगळं ऐकीव. घरात सांगतात की बर्मात गेले. पण आमच्या गावात जो कोणी लढाईत गेला तो बर्मातच गेला असं सांगतात, शेजारच्या घरातले पण बर्मातच आणि मागच्या आळीतले पण बर्मातच, त्यामुळे माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

हातात काय आहे ते सांगतो. एक पोस्टकार्ड साइजचा फोटो, खुर्चीवर बसलेले, मागे रंगवलेला पडदा. फोटोच्या मागे जांभळा शिक्का आहे पण पुसट, इंग्रजीत शेवटची अक्षरं आय-आर-ओ एवढीच लागतात. दुसरं म्हणजे एक पदक, पितळेसारखं, सहा टोकांची चांदणी, काळं पडलंय. त्याला रिबिनीचा तुकडा अजून आहे, लाल पांढरा हिरवा असा फिकट, त्यामुळे घरात समज असा की स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने दिलं म्हणून तिरंगी. मला ते पटत नाही कारण चांदणीवर मुकुट दिसतोय. कागद एकही नाही. माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा ट्रंका कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. (म्हणजे माहीत आहे, पण भावकीत तो विषय काढायचा नाही.)

त्यांच्या बायको म्हणजे थोरली आजी, मी लहान असताना गेल्या. त्या दर महिन्याला कोरेगावला जायच्या 'पलटणीचे पैसे' आणायला, हे वडिलांना चांगलं आठवतं.

हयात फक्त आत्याआजी, थोरल्या आबांची सगळ्यात धाकटी बहीण, नव्वदीच्या पुढे आहे पण डोकं एकदम साफ. ती सांगते की माझे आजोबा रात्री पत्री सरकारच्या (नाना पाटलांचं भूमिगत प्रतिसरकार) माणसांना भाकरी पोचवायचे. आता चुलत भावांचं म्हणणं असं की एक भाऊ इंग्रजाच्या पलटणीत आणि दुसरा इंग्रजाविरुद्ध भाकऱ्या पोचवतोय, तेही एकाच घरातून, यातलं एक काहीतरी खोटं असणार. आत्याआजी असंही म्हणते की 'लढाईच्या टायमाला मुंबईची माणसं येऊन राहिली होती आपल्यात', त्याचा संदर्भ मला लागत नाही.

मला भावकीसाठी एक छोटी पुस्तिका करायची आहे, फार काही थोर नाही, पण त्यात खोटं काही जाऊ नये एवढी इच्छा. सुरुवात कुठून करू?

---

बेळगावी_निवृत्त

नातूसाहेब, पहिलं काम, ते पदक पितांबरीने घासू नका. चिंचेने पण नको. मऊ कापडाने पुसा आणि भिंग घेऊन मुकुटाच्या भोवतीचं गोल वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या सहा टोकी चांदण्यांवर मधे राजाची अक्षरं आणि भोवती त्या चांदणीचं नाव असतं, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार वगैरे. मागची बाजू आणि कडा पण बघा, कधीकधी नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. ते सापडलं तर अर्धं काम झालंच म्हणून समजा.

पण तुमच्या वर्णनावरून मला आत्ताच वाटतंय की बर्मा नसावं. बर्मा स्टारची रिबीन गडद निळी, मधे लाल आणि बाजूला नारिंगी रेघा. लाल पांढरा हिरवा पांढरा लाल असे सारखे पाच पट्टे म्हणजे इटली स्टार, त्यांच्या झेंड्याचे रंग आहेत ते. आपल्या तिरंग्याशी काही संबंध नाही. फोटोमागचं आय-आर-ओ म्हणजे कैरो असणार, आपल्या बऱ्याच पलटणी मध्यपूर्वेतूनच पुढे इटलीला गेल्या आणि जवान लोक तिथल्या स्टुडिओत फोटो काढून घरी पाठवायचे.

साताऱ्याचा माणूस आणि इटली, यात नवल काही नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) इटलीतलेच. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या कामगिरीबद्दल, ते जिवंत परत आले. पण थांबा, साताऱ्याचा म्हणजे मराठा पलटणीतलाच असं गृहीत धरू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स होते, सप्लायवाले होते, ड्रायव्हर होते, १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तीही होती. घरचे लोक सगळ्यालाच पलटण म्हणतात.

आता शोध कसा घ्यायचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट आहे, फुकट आहे, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना जे गेले त्यांची नावं त्यात आहेत, आपल्या लोकांची सुद्धा. अडचण एकच, स्पेलिंग. आडनाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय, त्यामुळे जाधवचे तीन प्रकार आणि शिंदेचे चार प्रकार टाकून बघावे लागतात. मराठा हा शब्द पण तेव्हा जुन्या पद्धतीने लिहायचे, एम ए एच आर ए टी टी ए, तसं टाका. आडनावाने नाही सापडलं तर आडनावाचा नाद सोडून देश इटली, सेना भारतीय असं निवडा आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात सातारा शोधा. बऱ्याच नोंदीत बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं. गावाचं स्पेलिंग पाहून हसू नका, वरून खाली मोठ्याने वाचा म्हणजे कळतं.

आणि थडगं शोधू नका. आपल्या हिंदू जवानांना तिकडे दहन दिलं, त्यांची नावं सांग्रो नदीजवळच्या आणि फोर्लीच्या स्मशानभूमीत दहनस्मारकावर आहेत. ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची कॅसिनो गावच्या स्मारकावर, तिथे चार हजारांच्या वर नावं आहेत. साइटवर मूळ कागदांचे स्कॅन पण असतात, नोंद सापडली की खाली जाऊन ते नक्की उघडा.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही सहज लिहून गेलात, थोरल्या आजीचे 'पलटणीचे पैसे'. अहो ते विधवा पेन्शन. म्हणजे पेन्शनचा नंबर होता, नंबर होता म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला फाइल होती. प्रत्येक रेजिमेंटचं आपलं रेकॉर्ड ऑफिस असतं, मराठ्यांचं बेळगावला. वारस म्हणून अर्ज करता येतो. नंबर मिळाला तर उत्तम, नाही तर नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि जुना जिल्हा. त्याआधी साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. महायुद्धातल्या जवानांच्या विधवांची कामं त्यांच्याकडून व्हायची, तिथे जुन्या रजिस्टरला आजीचं नाव असायची शक्यता चांगली आहे.

---

कुंडलकर

भाकरीवाल्या मुद्द्यावर लिहितो कारण आमचा भाग तोच.

आधी एक नियम सांगतो, राग मानू नका. आमच्या सातारा सांगली पट्ट्यात प्रत्येकाचा आजोबा शेणोलीच्या गाडीवर होता. ७ जून १९४३ ला रेल्वेचा पगार घेऊन जाणारी गाडी लुटली, त्यात जेवढे लोक आज सांगतात तेवढे खरंच असते तर गाडी लुटायची गरजच नव्हती, डबे उचलूनच नेले असते. त्यामुळे पत्री सरकारची गोष्ट ऐकली की मी आधी संशय घेतो. पण तुमच्या आत्याआजीची गोष्ट मला खरी वाटते आणि त्याचं कारण असं की तिने भावाला बंदूक दिली नाही, भाकरी दिली. खोटं सांगणारा माणूस भाकरीवर समाधान मानत नाही हो.

आणि एका घरात दोन्ही असण्यात खोटं काय आहे? तेव्हाचा जिल्हा बघा. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. इकडे पिढ्यान्पिढ्या पलटणीत पोरं जात होती, मिलिटरी अपशिंग्यात तर पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ जण कामी आले, आणि इकडेच क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते ४६ चाललं. दोन वेगळे जिल्हे नव्हते ते, माणसं तीच, घरं तीच. जमीन थोडी, तोंडं जास्त, एक पोरगा भरती झाला की दर महिन्याला मनीऑर्डर यायची. त्याला कुणी इंग्रजधार्जिणा म्हणत नव्हतं. भूमिगत लोक पण सुट्टीवर आलेल्या फौजीच्या वाटेला जात नसत, उलट हत्यार कसं धरायचं हे माहीत असलेला माणूस कामाचा. फितुरी केली, पाटलाने पोलिसांना खबर दिली, तर मात्र तळपायाला पत्री ठोकायची गोष्ट व्हायची, आणि त्यात सगळंच न्यायाने झालं असंही मी म्हणणार नाही. काही ठिकाणी जुने बांधाचे हिशेब पण त्यात चुकते झाले. पुस्तिकेत ते लिहायचं का नाही तुम्ही ठरवा, पण आत्याआजीला विचारताना कानावर आलं तर दचकू नका.

तपासायचं असेल तर तारखांनी तपासा. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबर १९४२, वडूजचा ९ सप्टेंबर १९४२, तिथे गोळीबार झाला. आजोबा तेव्हा कुठे होते, वय काय होतं? वडूज तुमच्यापासून काही फार लांब नाही. गॅझेटिअर विभागाने स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रं गोळा करून छापली आहेत, त्यात तुमच्या आजूबाजूच्या गावातली नावं बघा. आजोबांचं नाव नसेल, भाकरी पोचवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, पण ज्यांना भाकरी पोचवली ते सापडतील. ते कोणत्या महिन्यात तुमच्या भागात होते हे कळलं की गोष्ट बसते की नाही लगेच समजतं.

---

मोडी_मास्तर

वरचे दोन्ही प्रतिसाद भारी. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे शाळेचंच सांगणार.

लोक पुरातत्त्व, पुराभिलेख असले मोठे शब्द ऐकून मुंबईला पळतात आणि गावातली प्राथमिक शाळा विसरतात. शाळेचं जनरल रजिस्टर मागा. १९३०-४० च्या काळातलं बहुतेक जुन्या शाळांत आहे, लोखंडी कपाटात सगळ्यात खाली, वरती पोषण आहाराची पोती. त्यात प्रत्येक पोराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाचा रकाना सोन्यासारखा आहे. 'शेतीकामास', 'गैरहजर', 'नाव कमी केले'. थोरल्या आबांची जन्मतारीख त्यातूनच मिळेल आणि ती मिळाली की भरतीच्या वेळचं वय पण काढता येईल. मात्र भरतीच्या कागदावर वेगळंच वय असणार हे धरून चाला, कारण तिथे वाढवून सांगायची रीतच होती.

आणि तुमच्या मुंबईच्या माणसांचं कोडं पण तिथेच सुटेल. मी एका शाळेचं रजिस्टर वाचलंय, १९४२ च्या पहिल्या सहामाहीत एकदम पोरांची रांग लागली आहे, आधीची शाळा म्हणून परळ, लालबाग, म्युनिसिपल शाळा नंबर अमुक. फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मग रंगून गेलं, मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार अशी हवा झाली आणि गिरणगावातल्या लोकांनी बायकापोरं गावी पाठवली. पुरुष तिथेच राहिले कारण गिरण्या जोरात चालू होत्या. काही महिन्यांनी भीती ओसरली आणि त्याच पोरांची नावं परत कमी झाली, 'मुंबईस गेला'. तुमच्या रजिस्टरमध्ये अशी नावं निघाली तर आत्याआजीला वाचून दाखवा, ती पुढचं आपोआप सांगेल, कोण कुणाच्या पडवीत राहिलं आणि पाण्यावरून कुणाशी भांडण झालं इथपर्यंत.

दुसरं, तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. थोरले आबा परदेशात गेले म्हणून त्यात नसतील, पण घरातले बाकीचे असतील. जमिनीचे फेरफार मात्र जरूर काढा. माणूस गेल्यावर वारसाची नोंद होते आणि त्यात 'अमुक हा लढाईवर असता मयत झाला' असं स्वच्छ लिहिलेलं मी पाहिलंय, साक्षीदारांच्या अंगठ्यासकट. काही ठिकाणी कागद द्यायला टाळाटाळ होते, तोंडी न मागता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हेळवी येतात का तुमच्याकडे? आमच्याकडे अजून येतात, बैल आणि वह्या घेऊन, सगळ्या कुळाची वंशावळ त्यांच्याकडे. नसतील येत तर नाशिक, त्र्यंबक किंवा पंढरपूरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये कोण ते शोधा. थोरल्या आबांची तार आल्यावर घरचं कुणी ना कुणी विधी करायला गेलं असणार. तिथल्या चोपड्यात कोण आलं, कशासाठी आलं, कधी आलं हे त्या माणसाच्या सहीने मिळतं. घरातली हिशेबाची वही वगैरे मोडीत निघाली तर फोटो इथे टाका, वाचून देतो. पैसे लागत नाहीत, अक्षर बरं असावं एवढीच अट.

---

गिरणगावची_नात

मुंबईचा विषय निघालाच आहे म्हणून. म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, हे माझं आजीच्या बाबतीतलं निरीक्षण. 'कोणत्या साली?' विचारलं की ती गप्प बसायची किंवा मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकायची. मग मी साल विचारणं सोडलं आणि आधी का नंतर एवढंच विचारायला लागले. भोकाचा पैसा आल्यावर का आधी? (तो १९४३ ला आला, तांबं वाचवायला मधे भोक पाडलेला. आजीने करगोट्यात ओवला होता म्हणे.) मुंबईत रेशन सुरू झाल्यावर का आधी? म्हणजे मे १९४३. गांधींना पकडलं त्याच्या आधी का नंतर? म्हणजे ऑगस्ट १९४२.

आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे गोदी उडाली ती. १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट. पोटात दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा, अर्ध्या तासात दोन स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर पण त्याची नोंद झाली. साताऱ्याकडची इतकी माणसं गोदीत आणि गिरण्यात होती की ती बातमी गावात पोचली नाही असं गाव नसेल. माझ्या पणजोबांना काहीच झालं नाही, ते त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते आणि मिल गोदीपासून लांब, पण गावी कुणीतरी सांगितलं गेले म्हणून आणि पणजीने कुंकू पुसलं. ते चार दिवसांनी हातात सुटकेस घेऊन दारात. तो किस्सा आमच्याकडे दर दिवाळीला होतो.

आत्याआजीला मोठे प्रश्न विचारू नका. युद्धात काय वाटलं वगैरे विचारलं की त्या टीव्हीवरचं सांगतात. रॉकेल कुठून आणायचं, किती मिळायचं, दिवा किती वाजता मालवायचा, कंट्रोलचं कापड कुणाला मिळालं, त्याचं काय शिवलं, धान्याची लेव्ही भरायला कोण गेलं, कणगी कुठे लपवली. लपवली होती का असं विचारू नका, कुठे लपवली असंच विचारा.

आणि रेकॉर्डिंग करा ताबडतोब. फोन समोर ठेवा, फॅन बंद करा.

---

कोरेगावकर_नातू

मंडळी काय बोलू, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बेळगावी काका, पदक पुसलं. भिंगाखाली चक्क 'द इटली स्टार' असं आहे. कडेला काही नाही. वडिलांना दाखवलं तर ते बराच वेळ नुसते चांदणी उलटीपालटी करत बसले आणि मग म्हणाले 'मग बर्मात कोण गेलं?' आता शेजारच्यांना सांगायचं की नाही हा वेगळाच प्रश्न झालाय.

गिरणगावच्या ताई, तुमची युक्ती कालच वापरली. आत्याआजीला विचारलं, थोरल्या आबांची तार आली ती गोदी उडाली त्याच्या आधी का नंतर? तिने क्षणभर पण विचार केला नाही. म्हणाली, 'आधी. सुगी चालू हुती. शाळू काढायला समदी रानात, आन् पोष्टमन बांधावरनं आला. गोदी उडाली तवा वहिनीच्या कपाळाला कुंकू नव्हतं, म्हणून मामाची खबर आली तर कुणी तिला सांगितलीच न्हाई.' मामा गोदीत होता, हे मला आत्ता कळतंय! म्हणजे १९४४ च्या सुरुवातीची सुगी, बरोबर ना?

वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर आडनावाने बघितलं, ढीगभर निघतात, बापाचं नाव जुळणारं अजून नाही. कुंडलकर, वडूजच्या मोर्चाचं आत्याआजीला विचारलं, आजोबा तेव्हा चौदा पंधरा वर्षांचे, मोर्चाला गेले नव्हते म्हणते, 'त्याला गुरं राखायची हुती.'

---

कुंडलकर

चौदा पंधराचा पोरगा आणि गुरं राखणारा! अहो मग भाकरी त्यानेच पोचवली असणार. मोठ्या माणसावर पोलिसांची नजर, गुराख्याला कोण विचारतंय. आमच्याकडे हेच काम पोरांकडे आणि म्हाताऱ्यांकडे होतं. आता कोणत्या डोंगराकडे, कोणत्या ओढ्याने जायचा ते विचारून घ्या, जमलं तर आत्याआजीला गाडीत घालून तिथे न्या.

---

बेळगावी_निवृत्त

अभिनंदन. आता तारीख आवळता येते. ज्वारीची काढणी म्हणजे फेब्रुवारी मार्च धरा आणि तार लगेच येत नसे, त्यामुळे नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ एवढंच बघा. त्या काळात आठवी इंडियन डिव्हिजन आधी सांग्रो ओलांडत होती आणि मग थंडीपावसात पुढे अडकली, आणि फेब्रुवारीत चौथी डिव्हिजन कॅसिनोला होती. मराठा असतील तर आधी सांग्रोच्या दहनस्मारकाची यादी पूर्ण वाचा, तिथे पाचशेच्या वर भारतीय नावं आहेत, एका बैठकीत होतात. मग कॅसिनो. बापाच्या नावापेक्षा गावाच्या नावावर नजर ठेवा.

बटालियन कळली की लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये तिची वॉर डायरी असते, रोजचं हवामान, कूच, किती पडले. जवानांची नावं क्वचित असतात, पण त्या दिवशी ते कुठे होते आणि पाऊस होता की बर्फ एवढं तरी कळतं. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख पटल ही वेबसाइट पण बघून ठेवा, नोंदणी फुकट आहे.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना थोरल्या आबांच्या वडिलांचं नाव आज तुम्ही लिहिता तसं लिहू नका, जुन्या फेरफारावर जसं आहे तसंच लिहा, आणि थोरल्या आजीचं माहेरचं नाव पण द्या, काही कागदांवर तेच असतं. सोबत इटली स्टारचा फोटो, आणि तिकीट लावून स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट. आणि हो, पिनकोड लिहा, लोक विसरतात.